जुने वाद्य ऑनलाइन लिलावात घेतले. सदोष निघाल्यास तंटा कसा मिटवावा?

सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत पिएर ओमिद्यार या तरुणाने ‘ऑक्शनवेब’ नावाचे लिलावाचे संकेतस्थळ सुरू केले. पुढे तेच ‘ईबे’ या नावाने जगभर पसरले. त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू होती एक बिघडलेला लेसर पॉइंटर. तो १४ डॉलर ८३ सेंटला गेला. ओमिद्यार यांनी घेणाऱ्याला मुद्दाम विचारले की, ही वस्तू बंद पडलेली आहे हे आपल्या ध्यानात आले आहे ना? उत्तर आले की, मी बिघडलेले लेसर पॉइंटरच जमवतो. त्या सौद्यात भांडणाला जागाच उरली नाही. माल सदोष होता, परंतु दोष सांगितलेला होता आणि घेणाऱ्याने तो जाणून पैसे मोजले होते. आज जुन्या वाद्यांच्या ऑनलाइन खरेदीत जे तंटे होतात, त्यांपैकी बहुतेक या एका गोष्टीच्या अभावी होतात. वर्णन एक असते आणि खोक्यातून निघते दुसरेच.

या विषयाचा आपल्याशी संबंध काय, असे काही वाचक विचारतील. संबंध जवळचा आहे. मिरजेत सतारी व तंबोरे घडविण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी सुरू केला. हत्यारांना धार लावणाऱ्या हातांनी भोपळा आणि लाकूड हाती घेतले आणि आज त्या शहरातील अनेक मुस्लिम कुटुंबांची रोजी याच कामावर चालते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. नवे वाद्य घडविण्याबरोबर जुने वाद्य विकत घेऊन, दुरुस्त करून पुन्हा विकणे हाही या धंद्याचा एक भाग आहे. पुणे-मुंबईतील पेटीवाले, तबलेवाले, बँडवाले आणि गिटार-व्हायोलिनची जुनी वाद्ये फिरवणारे दुकानदार हेही हेच करतात. पूर्वी असा माल जुन्या बाजारात हाताने चाचपून घेतला जाई. आता छायाचित्रे पाहून बोली लावली जाते.

भारतात ‘बाझी डॉट कॉम’ या संकेतस्थळाने ऑनलाइन लिलावाची ओळख करून दिली. २००४ मध्ये ईबेने ते विकत घेतले आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी ईबेचे भारतातील संकेतस्थळ बंद झाले. त्यामुळे आपल्याकडील खरेदीदार आज दोन ठिकाणी बोली लावतो. एक म्हणजे परदेशातील लिलाव-संकेतस्थळे आणि दुसरे म्हणजे देशातील जुन्या वस्तूंच्या जाहिरातींची संकेतस्थळे व समाजमाध्यमांवरील गट, जिथे ‘जास्त देईल त्याला’ या तत्त्वावर सौदा होतो. पहिल्या ठिकाणी संकेतस्थळाचे स्वतःचे नियम असतात. दुसऱ्या ठिकाणी बहुधा देशाचा कायदा आणि आपण केलेला पत्रव्यवहार एवढेच हाताशी असते. हा फरक शेवटपर्यंत लक्षात ठेवावा लागतो.

वाद्याच्या तंट्याचे वेगळेपण

मोबाइल चालतो किंवा चालत नाही. वाद्याचे तसे नसते. एखादी सतार तारा लावल्यावर वाजते, पण जवारी बसलेली असते, दांडी अर्धा सूत वाकलेली असते, तरफांच्या खुंट्या सरकत असतात. विक्रेता म्हणतो, ‘चालू स्थितीत आहे.’ घेणारा म्हणतो, ‘वाजवण्यालायक नाही.’ दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. त्यामुळे तक्रार करताना ‘आवाज चांगला नाही’ असे लिहिणाऱ्याची बाजू पहिल्या दिवसापासून दुबळी पडते. आवाजाची आवड हा वादाचा विषय होऊ शकत नाही. दांडीचा बाक मोजता येतो, तडा दाखवता येतो, नसलेली खुंटी मोजता येते. तक्रार अशाच गोष्टींवर उभी करावी.

दुसरी अडचण नावाची. कलकत्त्याचे कनाईलाल किंवा हिरेन रॉय, दिल्लीचे रिखी राम अशा नावांनी सतारीची किंमत चढते. जुन्या पेटीला ‘जर्मन सूर’ म्हटले की बोली वाढते. व्हायोलिनमध्ये तर आतल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवणे म्हणजे पाण्यावर भिंत बांधणे होय. जर्मनी व फ्रान्समधील कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकात स्ट्रॅडिव्हेरियसच्या नावाच्या चिठ्ठ्या लावून असंख्य साधी व्हायोलिने बाहेर काढली. त्या काळी ती फसवणूक समजली जात नसे. नमुना कोणाचा घेतला आहे, एवढाच तिचा अर्थ होता. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले, म्हणून तिकडे गेलेल्या पुष्कळ चिठ्ठ्यांवर खाली जर्मनीचे नाव आढळते. जाणकार त्यावरूनच वाद्याचे वय ताडतात.

चिठ्ठीच्या वादाने काय होऊ शकते, याचे एक उदाहरण जानेवारी २०१२ मध्ये जगभरच्या वृत्तपत्रांत गाजले. एका विक्रेतीने जुने फ्रेंच व्हायोलिन कॅनडातील गिऱ्हाइकाला २,५०० डॉलरला विकले. पैसे ‘पेपाल’मार्फत आले. गिऱ्हाइकाने चिठ्ठी खरी नसल्याची तक्रार केली. त्या वेळच्या नियमांत नकली ठरलेला माल परत पाठवण्याऐवजी नष्ट करून घेण्याची तरतूद होती. गिऱ्हाइकाने व्हायोलिन मोडले, तुकड्यांचे छायाचित्र पाठवले आणि त्याला पैसे परत मिळाले. विक्रेतीचे म्हणणे असे की, विक्रीपूर्वी तिने ते वाद्य एका कारागिराकडून तपासून घेतले होते. खरे-खोटे काही असो, वाद्यही गेले आणि पैसेही. चिठ्ठीबद्दल मतभेद असणे आणि माल नकली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाद्यांच्या बाजारातील कोणीही सांगेल. परंतु दूर बसून फायली निकालात काढणाऱ्या कर्मचाऱ्याला ते कोण सांगणार? म्हणून घेणाऱ्यानेही तक्रारीत ‘नकली’ हा शब्द सहज वापरू नये. ‘वर्णनात अमुक कारागिराचे नाव होते, वाद्यावर त्या कारागिराच्या कामाची अमुक अमुक लक्षणे नाहीत’ असे लिहावे.

बोली लावण्यापूर्वी

तंटा मिटवण्याचे अर्धे काम बोलीपूर्वीच होते. वर्णनातील शब्द वजन करून वाचावेत. ‘दुरुस्तीसाठी’, ‘सुट्या भागांसाठी’, ‘जसे आहे तसे’ हे शब्द आले की दोषाची बरीचशी जोखीम घेणाऱ्याने पत्करली, असे समजावे. तरीही ‘जसे आहे तसे’ म्हणून कोणी सतारीऐवजी दिलरुबा पाठवू शकत नाही. जे सांगितले ते तरी खरे असलेच पाहिजे.

जे सांगितलेले नाही, ते विचारावे आणि ते संकेतस्थळावरच्या निरोपातच विचारावे. फोनवर मिळालेली ग्वाही वाद झाल्यावर हवेत विरते. सतारीसाठी विचारण्याचे प्रश्न ठरलेले असावेत. भोपळ्याला तडा किंवा जोड आहे काय? भोपळा व दांडी जोडणारा गळा कधी उघडला होता काय? मेरूपासून घोडीपर्यंत ताणलेला दोरा आणि दांडी यांच्यामधील अंतर मध्यावर किती? तबलीचा मध्य घोडीखाली दबला आहे काय? पडदे व खुंट्या मूळच्या किती, बदललेल्या किती? पेटी असेल तर भाता किती वेळ हवा धरतो, सूर किती बदलले, ठसा कोठे आहे व त्याचे छायाचित्र. विक्रेत्याने उत्तर दिले तर ते वर्णनाचा भाग बनते. उत्तर देण्याचे टाळले तर त्यातूनही आपल्याला हवे ते कळते.

बोली चढवण्यासाठी विक्रेत्याने आपल्याच माणसाकडून खोट्या बोली लावणे ही लिलावाइतकीच जुनी लबाडी आहे. हदीसमध्ये यास ‘नजश’ म्हटले असून त्यास स्पष्ट मनाई आहे. आपल्या देशाचा १९३० चा मालविक्री कायदाही येथे तेच सांगतो. त्याच्या कलम ६४ नुसार विक्रेत्याने किंमत फुगवण्यासाठी खोट्या बोलीचा वापर केल्यास तो सौदा रद्द करण्याचा अधिकार घेणाऱ्यास आहे. मात्र खोटी बोली सिद्ध करणे कठीण. एकच खाते त्याच विक्रेत्याच्या मालावर वारंवार बोली लावते आणि कधीच माल घेत नाही, असे दिसल्यास त्याची छायाचित्रे काढून संकेतस्थळाकडे द्यावीत. त्याहून सोपा उपाय म्हणजे आपली कमाल रक्कम आधी कागदावर लिहावी आणि तिच्यापुढे जाऊ नये.

परदेशातून मागवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. वापरलेला माल, यंत्रसामग्रीसारख्या भांडवली वस्तू सोडून, भारतात आणण्यास विदेश व्यापार धोरणानुसार परवाना लागतो. जुन्या वाद्यांवर हस्तिदंताची नक्षी किंवा सांबरशिंगाची घोडी असते आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांचा व्यापार करता येत नाही. जप्त झालेली वस्तू परत पाठवता येत नाही. ती परत पाठवता आली नाही की पैसे परत मिळणेही अडते. विक्रेत्याचा काही दोष नसताना त्याच्याशी भांडून उपयोग काय?

खोके उघडताना

येथे घाई करणारे पुष्कळ आहेत. वाद्य आले की दुकानातील सर्वजण गोळा होतात, दोऱ्या कापल्या जातात, भुसा व कागद कचऱ्यात जातो आणि मग तडा दिसतो. आता तो तडा पाठवण्यापूर्वीचा, वाटेतला की दुकानातला, हे कोण सांगणार?

खोके बंद असतानाच सहा बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. पत्त्याची चिठ्ठी स्पष्ट दिसली पाहिजे. खोके दबलेले किंवा भोक पडलेले असेल तर पोहोचपावतीवर सही करतानाच तसे लिहावे. नंतर न थांबवता एकाच चित्रफितीत खोके उघडावे. वाद्य बाहेर काढण्यापूर्वी ते आत कसे बसवले होते, भोपळ्याखाली आधार होता की नाही, घोडी काढून ठेवली होती की तशीच होती, तारा सैल केल्या होत्या की ताणलेल्या, हे टिपून घ्यावे. वाटेतल्या नुकसानीत हाच पुरावा विक्रेत्याच्या बांधणीबद्दल बोलतो. खोके व आतले सामान तंटा मिटेपर्यंत फेकू नये. मालवाहतूक कंपनी ते पाहायला मागू शकते.

यानंतरचे काम कारागिराचे. जुना तडा आणि नवा तडा यांतील फरक आपल्या कारागिरांना सांगण्याची गरज नाही, परंतु तो शब्दांत मांडण्याची सवय फार थोड्यांना आहे. नवा तडा आतून फिकट व स्वच्छ असतो. त्याच्या कडा धारदार असतात आणि लाकडाचे तंतू उभे दिसतात. जुन्या तड्यात धूळ, मळ आणि कधी पॉलिश उतरलेले असते. कडा काळपट व बोथट झालेल्या असतात. तड्यावरून पॉलिश अखंड गेले असेल तर तो शेवटच्या पॉलिशपूर्वीचा आहे, हे उघडच आहे. जुन्या वाद्याचे जोड सरसाने असत. सांध्यातून पांढरा फेविकॉल डोकावत असेल तर तो सांधा नंतर कधीतरी उघडून बसवलेला आहे. अतिनील दिव्याखाली चपड्याचे जुने पॉलिश नारिंगी झाक देते आणि नंतर केलेले रंगकाम वेगळे उठून दिसते. असा दिवा महाग नाही आणि तंट्यात त्याखालील छायाचित्र चांगले वजन टाकते.

तिसरा एक प्रकार आहे, त्यात विक्रेत्याचाही दोष नसतो आणि वाहतुकीचाही नसतो. दमट हवेतील वाद्य कोरड्या थंड प्रदेशात गेले, किंवा उलट झाले, की लाकूड आकसते किंवा फुगते. पोहोचल्यावर पंधरा दिवसांनी सांधा उघडला तर त्याचे कारण बहुधा हे असते. म्हणून वाद्य आल्या दिवशी, तारा चढवण्यापूर्वी, सर्व मोजमापे व छायाचित्रे घेणे गरजेचे आहे. मिरजेहून परदेशी माल पाठवणाऱ्या बंधूंनी तर हीच नोंद पाठवण्यापूर्वी करावी. तिकडचा गिऱ्हाईक तक्रार करील तेव्हा तीच त्यांची ढाल होईल.

तक्रार कोठे व किती दिवसांत

दोष दिसल्यावर पहिले पत्र विक्रेत्याला जावे. ते संकेतस्थळाच्याच निरोप-व्यवस्थेतून जावे आणि भाषा थंड असावी. वर्णनातील वाक्य, प्रत्यक्ष स्थिती, छायाचित्र, मागणी, एवढेच त्यात असावे. शिव्याशापांनी एकही रुपया परत आलेला आम्ही ऐकलेला नाही.

ईबेच्या नियमांनुसार माल मिळाल्यापासून ३० दिवसांत तक्रार नोंदवावी लागते. विक्रेत्यास उत्तरासाठी ३ कामकाजाचे दिवस मिळतात. तोडगा न निघाल्यास खरेदीदार संकेतस्थळास मध्ये पडण्यास सांगू शकतो. माल वर्णनाशी विसंगत ठरला तर परतीचा खर्च विक्रेत्याने सोसावयाचा असतो. परंतु माल परदेशातील एखाद्या मध्यस्थाच्या पत्त्यावर मागवून तेथून पुढे भारतात आणला असेल तर हे संरक्षण मिळत नाही. आपल्याकडील अनेकजण स्वस्त पडते म्हणून असेच मागवतात आणि वाद झाल्यावर त्यांना हा नियम कळतो. पेपालमार्फत पैसे दिले असल्यास वाद नोंदवण्यास पैसे दिल्यापासून १८० दिवस असतात. मात्र वाद सुरू केल्यावर २० दिवसांत त्याचे रीतसर दाव्यात रूपांतर न केल्यास तो आपोआप बंद होतो. कार्डाने पैसे दिले असल्यास बँकेमार्फतही रक्कम परत मागता येते. मात्र एकाच वेळी दोन दारे ठोठावू नयेत. बँकेकडे दावा गेला की संकेतस्थळ आपली फाईल बंद करते.

मुदत टळावी म्हणून काही विक्रेते गोड बोलत राहतात. ‘भाऊ, थोडे थांबा, मी गावाला आहे, पुढच्या महिन्यात बघू.’ अशा वेळी बोलणे चालू ठेवावे, पण तक्रार मुदतीत नोंदवूनच. तसेच ‘तक्रार आधी मागे घ्या, मग पैसे पाठवतो’ हे मान्य करू नये. बंद केलेली फाईल बहुधा पुन्हा उघडत नाही.

वाटेतील नुकसानीचे दिवस वेगळे मोजले जातात. विमानाने आलेल्या परदेशी मालाबद्दल, टपाल सोडून, माँट्रियल करारानुसार माल मिळाल्यापासून १४ दिवसांत वाहतूकदारास लेखी कळवावे लागते. देशात ट्रकने आलेल्या मालासाठी २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्यानुसार माल नोंदवल्यापासून १८० दिवसांत नोटीस द्यावी लागते.

परत करावे की सूट घ्यावी

समजा, सांगलीच्या एका दुकानदाराने दिल्लीहून जुनी सतार २२,००० रुपयांस घेतली. वर्णनात ‘दुरुस्ती झालेली नाही’ असे होते. प्रत्यक्षात गळ्याचा सांधा पूर्वी उघडून बसवलेला निघाला. सतार परत पाठवायची तर बांधणी व भाडे मिळून ३,००० रुपये आणि वाटेत फुटण्याची भीती. सांधा नीट करायला ४,५०० रुपये. अशा वेळी ५,००० ते ६,००० रुपयांची सूट घेऊन सतार ठेवणे दोघांच्याही फायद्याचे ठरते. परंतु भोपळाच बदलावा लागणार असेल तर सूट घेऊ नये. वाद्याची ओळखच बदलते.

फिकहमध्ये या प्रश्नाचा विचार ‘खियारे ऐब’ या नावाने सविस्तर झालेला आहे. दोष माल ताब्यात येण्यापूर्वीचा असावा आणि खरेदीच्या वेळी घेणाऱ्यास तो ठाऊक नसावा, या दोन अटी पुऱ्या झाल्या की त्यास माल परत करण्याचा हक्क मिळतो. हनफी मसलकानुसार घेणाऱ्याने माल परत करावा किंवा पूर्ण किमतीत ठेवावा. माल ठेवून किंमत कमी करणे विक्रेत्याच्या संमतीने होते. मात्र घेणाऱ्याच्या हाती मालात नवा दोष उत्पन्न झाला तर परतीचा मार्ग विक्रेत्याच्या मर्जीवर जातो आणि पहिल्या दोषापुरती किंमत मागता येते. शाफई मसलकात परत करण्याचा निर्णय दोष कळताच, विलंब न लावता घ्यावा लागतो. कोकणातील बंधूंनी हे ध्यानात ठेवावे. दोष कळल्यावरही वाद्य वापरत राहणे म्हणजे तो दोष मान्य करणे, हे दोन्हीकडे आहे. संकेतस्थळांचे नियमही थोड्याफार फरकाने येथेच येतात. म्हणून तंटा मिटेपर्यंत वाद्याला हात लावू नये. जवारी काढली, एखादी खुंटी बदलली, सांध्यात सरस भरला, की विक्रेता म्हणतो, ‘हे तुम्हीच बिघडवले.’

देशातील सौदा आणि देशाचा कायदा

जाहिरात पाहून देशातल्याच माणसाकडून घेतले असेल तर मालविक्री कायद्याचे कलम १५ उपयोगी पडते. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाप्रमाणे असला पाहिजे. कलम ४१ नुसार पूर्वी न पाहिलेला माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत घेणाऱ्याने तो स्वीकारला असे होत नाही. कलम ४३ नुसार माल नाकारणाऱ्यावर तो परत पोहोचवण्याची सक्ती नाही. नाकारला असे कळवणे पुरेसे आहे. मात्र याच कायद्याचे कलम ३९ घेणाऱ्याच्या विरुद्ध जाऊ शकते. विक्रेत्याने माल वाहतूकदाराकडे सोपवला की साधारणपणे तो घेणाऱ्यास दिला असे समजले जाते. म्हणजे वाटेतली फूट घेणाऱ्याच्या माथी! विक्रेत्याने वाहतुकीची व्यवस्था निष्काळजीपणे केली असेल तरच यातून सुटका आहे. यावर उपाय एका ओळीचा आहे. पैसे पाठवण्यापूर्वी विक्रेत्याकडून ‘माल सुस्थितीत पोहोचेपर्यंत जबाबदारी माझी’ असे लिहून घ्यावे.

ग्राहक आयोगाकडे जाता येईल काय, हा प्रश्न दुकानदार नेहमी विचारतात. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा पुन्हा विक्रीसाठी माल घेणाऱ्यास ग्राहक मानत नाही. म्हणजे जुनी पेटी दुरुस्त करून विकण्यासाठी घेणाऱ्या व्यापाऱ्यास तेथे जागा नाही. त्याने दिवाणी न्यायालयाचा मार्ग धरावा. पण जो माणूस तीच पेटी स्वतः वाजवून, शिकवण्या घेऊन पोट भरण्यासाठी घेतो, तो ग्राहक ठरतो, कारण स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेला माल कायद्याने व्यापारी हेतूतून वगळला आहे. तोही विक्री करणारा व्यापारी असेल तर. एखाद्याने घरातली पडून असलेली पेटी विकली, तर तेथे हा कायदा लावणे अवघड जाते. ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्यातच तक्रार करू शकतो. मुदत दोन वर्षांची असते आणि ५ लाखांपर्यंतच्या मालास शुल्क नाही. त्यापूर्वी संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यास लिहावे. २०२० च्या ई-व्यापार नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच व एक महिन्यात निराकरण दिले पाहिजे.

न्यायालयात किंवा आयोगापुढे मोबाइलमधील निरोप व छायाचित्रे दाखवायची तर नुसत्या छापील प्रती चालत नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्यांच्यासोबत ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते. मूळ चित्रफीत फोनमधून पुसू नये.

कारागिराचा लेखी अभिप्राय

अनेक तंट्यांत निर्णायक ठरते ते एका जाणत्या कारागिराचे पानभर लिखाण. आपले कारागीर तोंडी खूप सांगतात आणि लिहायला कंटाळतात. परदेशी विक्रेता किंवा संकेतस्थळाचा कर्मचारी मात्र फक्त कागद पाहतो. अभिप्राय दुकानाच्या नावाच्या कागदावर असावा. त्यात वाद्य कोणत्या तारखेस व कोणी आणले, ते कोणत्या स्थितीत होते, ओळख पटेल अशी खूण, मोजमापे आणि आढळलेले दोष एकेक करून लिहावेत. प्रत्येक दोषापुढे तो जुना की ताजा आणि असे मत कशावरून झाले, ते लिहावे. ‘तड्यात मळ व पॉलिश आहे, म्हणून जुना’ हे मत झाले. ‘विक्रेत्याने फसवले’ हे मत नव्हे; ते लिहू नये. जे सांगता येत नाही, तेथे ‘निश्चित सांगता येत नाही’ असेच लिहावे. दुरुस्तीचा अंदाजे खर्च मजुरी व साहित्य वेगळे करून द्यावा. परदेशी पाठवायचा असेल तर इंग्रजी प्रत दुसऱ्याकडून करून घ्यावी, पण सही स्वतःच्या मराठी किंवा उर्दू मूळ प्रतीवरही असावी.

ज्याला ते वाद्य दुरुस्त करायचे काम मिळणार आहे, त्याच्याकडून अभिप्राय घेणे टाळावे. समोरचा पक्ष लगेच त्याकडे बोट दाखवतो. अभिप्रायाची मजुरी आधी ठरवून, पावती देऊन घ्यावी आणि ती निकालावर अवलंबून ठेवू नये. कागदाची एक प्रत व छायाचित्रे कारागिराने आपल्याकडे निदान तीन वर्षे सांभाळून ठेवावीत. दिवाणी दाव्याची मुदत बहुधा तेवढीच असते आणि बोलावणे आल्यास वाद्य समोर नसतानाही त्या कागदावरून बोलता येते.